टँकरचा गुरुवार

गुरुवारी टँकर येतो. खाणीच्या उतारावर
रिव्हर्स घेताना पाटीच्या दगडांच्या ढिगात
एक चाक हमखास रुततं, आणि इडवाल
त्याच एका वेल्श शिवीनं ड्रायव्हरचं स्वागत करतो.
मग पाइप जोडतात, झडप फिरवतात,
आणि तीनशे ट्राउट तळ्यात पडतात,
पोतं फाडून ओतल्यासारखे.

पडल्यावर पळत नाहीत.
पहिल्या वर्षी मला वाटलं, दमले असतील.
पण ते काठाशीच घोळक्यानं राहतात,
गोल गोल फिरतात,
सिमेंटच्या टाकीची वळणं अजून अंगात धरून.
नऊ एकरांचं तळं,
आणि हे वापरतात एका खोलीइतकं पाणी.

वही माझ्याकडे असते. तारीख, वजन,
आणि शेवटी ‘शेरा’ असा एक अरुंद रकाना.
नमुन्यासाठी वीस मासे बाजूला काढतात.
इडवाल एकेकाला ओल्या हातात वळवून सांगतो:
शेपटीचा खालचा कोपरा नाही.
पाठीवरचा पर झिजलाय, पार बुंध्यापर्यंत.
नाक बोथट.
हा बरा आहे. थांब, कल्ल्याचं झाकण आखूड,
आतलं लाल उघडं पडलंय.
मी लिहिते: बरा.

इडवालच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं.
बाकीची खाणीत राहिली, कुठल्याशा मंगळवारी.
तो अंगठ्यानं झिजका पर चाचपतो तेव्हा
मी वहीत बघते.

वरच्या ओढ्यात जंगली मासे आहेत अजून थोडे,
वीतभर, काळपट, लाल ठिपक्यांचे.
त्यांच्यावर नुसती सावली पडू दे,
दगडाखाली. गेला. पाणीसुद्धा हलत नाही.
यांच्यावर सावली पडली
की हे तोंड उघडून वर येतात.
सावली म्हणजे बादलीवाला माणूस,
बादली म्हणजे गोळ्या,
दिवसातून चारदा, दीड वर्ष.
आकाशानं त्यांना
एकदाही फसवलेलं नाही.

हे बगळ्याला कुणी सांगितलं कोण जाणे.
शुक्रवारी पहाटे तो येतो,
उभा राहतो,
सावली पाडतो. बस्स, एवढंच काम.

शनिवारी माणसं.
यांच्यासाठी गळ टाकावा लागत नाही,
नुसती गळ घातली तरी येतात.
मेरेरिदचा गेथिन, वय वर्षं सात,
आठवडाभर अंगणात बादलीवर नेम धरून फेकायला शिकला होता.
चौथ्या मिनिटाला मासा लागला.
त्यानं दोन्ही पाय रोवले, दात आवळले,
आणि मासा आला, ओल्या मोज्यासारखा.
“हा ओढत का नाही?”
मेरेरिद डबा उघडत होती. कुणीच काही बोललं नाही.
मग इडवाल म्हणाला,
“तुझ्याकडेच तर येत होता तो.”

माशाचं पोट मी चिरलं, पत्र्याच्या टेबलावर.
दोन खडे. पाइनच्या सालीचा एक तुकडा.
सिगारेटचं टोक.
सगळं गोळीच्या मापाचं.
गेथिननं ते ओळीनं मांडलं, मोजलं,
आणि सँडविच खायचं नाही म्हणाला.

हिवाळ्यात यातले फार उरत नाहीत.
वहीत त्यासाठी रकाना नाही.

पण मार्चमध्ये, बर्फ नुकताच सुटलेला,
बांधाच्या कोपऱ्यात आम्ही दोघं वाकलो होतो
आणि खाली एक होता.
आमच्यातलाच. नाकावरून कळतं.
पर पुन्हा फुटलेले, वाकडेतिकडे,
घाईत लावलेल्या ठिगळासारखे,
पण पर.
इडवाल एक पाऊल पुढे सरकला,
त्याची सावली पाण्यात उतरली,
आणि तिथे फक्त गाळ होता, हळूहळू खाली बसणारा.

तो हसला. हसता हसता खोकला लागला,
दगडाची धूळ अजून छातीत आहे त्याच्या,
कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला.
मी वही उघडली. तारीख घातली.
“शेरा?”
त्यानं तोंड पुसलं.
“लिही,” म्हणाला,
“दिसला नाही.”